गुळवेल कोणती, हे कोणी तपासले?

करोनाच्या साथीत, २०२० साली, महाराष्ट्रातील घराघरांत गुळवेलीचा काढा उकळला गेला. कुणी कुंपणावरची वेल तोडून आणली, कुणी दुकानातून चूर्ण, गोळ्या वा रस आणला. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. २०२१ साली हे निरीक्षण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि अपेक्षित रणधुमाळी सुरू झाली. एका बाजूला आयुर्वेद म्हणजे थोतांड, दुसऱ्या बाजूला हे सारे परकीय कारस्थान! रुग्णाच्या पोटात नेमके काय गेले, याची चिकित्सा मात्र दोन्हीकडून राहून गेली.

आयुष मंत्रालयाने त्यावेळी घेतलेला आक्षेप रास्त होता. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे विश्लेषण लेखकांनी केलेच नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या खऱ्या गुळवेलीऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची भावंड वेल पोटात गेली असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. क्रिस्पाच्या खोडावर मोठाल्या गाठी असतात; जाणत्या वैद्याला त्या चटकन ओळखू येतात. परंतु वेल कुटून तिचा अर्क काढला, की गाठीही गेल्या आणि ओळखही गेली. मग तोच प्रश्न उलटून विचारला पाहिजे : ती बाटली बाजारात येण्यापूर्वी आतील द्रव्य कोणी तपासले होते?

हे काम अशक्य कोटीतील नाही. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर अर्काचा सूक्ष्म ठिपका ठेवतात. द्रावक वर चढू लागला की अर्कातील घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात आणि अतिनील प्रकाशात त्यांचे पट्टे उमटतात. शेजारी अस्सल वनस्पतीच्या अर्काचा ठिपका असला, की दोहोंतील फरक डोळ्यांना दिसतो. शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम यांची तपासणी निराळी. त्यांची कमाल मर्यादा दर दशलक्ष भागांत अनुक्रमे १०, १, ३ आणि ०.३ भाग अशी आहे. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्याकडे धावपळ उडाली. १ जानेवारी २००६ पासून निव्वळ वनस्पतिजन्य औषधांना जड धातूंच्या तपासणीची सक्ती झाली, तीही प्रथम निर्यातीच्या मालाला. घरच्या माणसाची आठवण मागाहून!

केवळ एक आकडा तपासूनही भागत नाही. अश्वगंधाचे पाहा. परंपरेने औषधात मूळ वापरायचे, पाला स्वस्त. विथॅनोलाइड्स पाल्यातही असतात, म्हणून अर्कात पाला मिसळूनही वेष्टनावरील टक्केवारी भरते. २०२१ साली आयुष मंत्रालयाला उत्पादकांना पाला टाळण्यास सांगावे लागले. २०२३ साली डेन्मार्कने अश्वगंधावर बंदीच घातली. अशा वेळी संतापाने हाती काही लागत नाही. हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते आपण छापील पुरावे मांडले म्हणून.

आणखी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. २०२२ साली देशातील १३ केंद्रांच्या अभ्यासात गुळवेल घेतलेल्या ४३ रुग्णांची नोंद झाली आणि संशोधकांनी स्वयंप्रतिकारातून होणाऱ्या यकृतदाहाशी तिचा संबंध जोडला. म्हणजे वेल अस्सल असली तरी ती प्रत्येकाला मानवेलच असे नाही. पण कोणाला मानवत नाही, हे शोधायचे तर आधी बाटलीत गुळवेलच होती याची खात्री हवी. न ओळखलेले औषध चरकसंहितेने विषाच्या पंक्तीत बसवले आहे. तपासणीची मागणी पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली नाही ती एवढ्यासाठी.

शासनाने प्रत्येक बॅचचा ओळख, जड धातू आणि बुरशीजन्य विषांचा अहवाल ग्राहकाला पाहता येईल असा बंधनकारक करावा. छोट्या वैद्यांना आणि कारखानदारांना हा खर्च जड जाईल, हे खरे. त्यांच्यासाठी जिल्ह्यांच्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळा अल्प शुल्कात खुल्या करता येतील. यकृताचा विकार असणाऱ्यांनी तूर्त वैद्य व डॉक्टर दोघांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. बाकीच्यांनी पुढची बाटली घेताना बॅच क्रमांक दाखवून तपासणीचा अहवाल मागावा. दुकानदार बुचकळ्यात पडेल, पडू द्यावा.