पन्नाशीनंतर वजने उचलावीतच



‘पन्नाशीनंतर बायकांनी वजने उचलू नयेत, वडाळे तलावाभोवती चालावे, तेवढे पुरे,’ हे गेल्या अंकातील पत्र वाचून राहवले नाही. चालणे हृदयाला उत्तमच, पण मणक्यांची घनता त्याने फारशी वाढत नाही. नेहमीपेक्षा जास्त भार पडला, तरच हाड नवी भर घालते.

ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ चाचणीत पाळी थांबलेल्या, हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रिया होत्या. एका गटाने देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. ज्या बायकांना आपण ‘जपा’ म्हणतो, त्याच या!

अर्थात हाडांची खरी पुंजी वयात येताना जमते आणि तिशीच्या आसपास भरते. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी त्याच वयातल्या मुलांसाठी शाळांतून सूर्यनमस्कार रुजवले. आपली मुले मात्र त्या वयात शिकवणीच्या बाकावर असतात. सत्तरीत हाड थोडेच सुधारेल, पण मांड्या बळकट झाल्या की तोल सावरतो, न्हाणीघरात पडून खुबा मोडण्याची भीती कमी होते.

मणका आधीच पिचलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. आणि महापालिकेने उद्यानांतील व्यायाम-साधनांपाशी आठवड्यातून दोन दिवस तरी जाणता प्रशिक्षक नेमावा.

– एक वाचक, पनवेल