अंथरूण पाहून मासा

अलिबाग-किहीम पट्ट्यात वीकेंड होम घेतलेल्या माझ्या मित्रमंडळींत सध्या एक नवीन खूळ शिरलंय. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक आणि त्यात एम्परर एंजलफिश. हौसेला मोल नसतं, मान्य. पण या हौसेचं मोल मासा भरतो, म्हणून हा शनिवारचा त्रागा.

दुकानात मिळतं ते पिल्लू. बोटभर लांब, गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं. कोणीही प्रेमात पडेल. पण मोठा झाला की हाच मासा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा होतो आणि ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. ब्लू रिंग एंजल तर ४५ पर्यंत. आता चार फुटी टँक घ्या: १२० बाय ४५ बाय ४५, काठोकाठ भरला तरी २४३ लिटर. ४५ सेंटिमीटर रुंदीत ४० सेंटिमीटरचा मासा वळणार कसा? सोसायटीच्या लिफ्टमध्ये सोफा वळवून बघा एकदा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, मासा टँकच्या मापानेच वाढतो." साफ चूक. कोंडलेल्या माशाची वाढ खुंटते ती खराब पाण्यामुळे, ताणामुळे, आजारामुळे. त्याला सोय म्हणायची?

दुसरं उत्तर, "वाढला की मोठा टँक घेऊ." बरं. माझा साधा हिशोब असा: टँकची लांबी पूर्ण वाढलेल्या माशाच्या निदान सहापट, रुंदी दुप्पट. एम्पररसाठी २४० बाय ८० झाले. उंची ६० धरली तर ११५२ लिटर. म्हणजे नुसतं पाणीच जवळजवळ १२०० किलो, दर चौरस मीटरला सहाशेच्या वर. काच, दगड, स्टँड वेगळे. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ मध्ये धरलेला भार आहे चौरस मीटरला साधारण २०० किलो. फ्लॅटमध्ये हे धूड ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलंत का?

"पण आमचा बंगला आहे, तळमजला!" ठीक, वजनाचा प्रश्न सुटला. विजेचं काय? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच धडकलं, तेव्हा रायगडातली कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. पंप बंद पडला की टँकमधला ऑक्सिजन काही तासांत घटायला लागतो. आणि मालक? सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत! "समुद्र समोरच आहे, पाणी फुकट" हेही ऐकून झालंय. पावसाळ्यात रेवदंड्याला कुंडलिकेचं गढूळ, गोडं पाणी समुद्रात उतरतं. खारटपणा उतरलेल्या त्या पाण्यात प्रवाळातला मासा ठेवणार?

सगळ्यात डोकं फिरवणारं उत्तर तिसरं. "नाहीच जमलं तर समुद्रात सोडून देऊ." जणू पुण्यच लागणार! प्रवाळावरचे स्पंज खाणारा मासा अलिबागच्या गाळात जगणार कसा? आणि परका मासा जगला, तर आणखी पंचाईत. लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा दिसला. हौशी लोकांनीच तो टँकमधून सोडला असं मानतात. पुढे तो कॅरिबियनभर पसरला आणि तिथले छोटे मासे फस्त करत सुटला.

एंजल घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. चार फुटी टँक आहे? कोरल ब्युटीसारखा बुटका एंजल घ्या. पूर्ण वाढून १० सेंटिमीटरचा. रंगात कुठेही कमी नाही. एम्परर हवाच असेल तर आठ फुटी टँक, इन्व्हर्टर आणि रोज लक्ष देणारं माणूस आधी, मासा नंतर. नीट सांभाळला तर तो पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. आपलं होम लोनही तेवढंच असतं, आणि ते देताना बँक आपली ऐपत तीनदा तपासते. दुकानदार तपासत नाही. त्याला पिल्लू खपवायचंय.

अंथरूण पाहून पाय पसरणं माणसाला जमतं (जमायला हवं!). मासा वाढणारच. त्याचं अंथरूण आपण घालतो, तेव्हा मोजपट्टीही आपल्याच हातात हवी.