फुलीचं कार्ड

गेल्या चतुर्थीला आमच्या मूळ घरी पंधरा-वीस माणसं जमली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून मोठी मंडळी आडवी झाली आणि मुलांनी सोप्यावर एक खेळ मांडला. माझी भाची पुण्याला शिकते, तिने तो आणलेला. एक गडी कमी पडत होता. "मामा, तूंय बस आमच्यांत," ती म्हणाली. (घरात आम्ही कोंकणी बोलतो, लिहितो मात्र मराठीत. त्यावर पुन्हा कधीतरी.)

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. यात पट-सोंगट्या असल्याच पाहिजेत असं नाही. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. तलवारीचा वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आपल्या दशावतारी काल्यात पात्रं आयत्या वेळी संवाद रचतात, तसंच काहीसं. फक्त समोर प्रेक्षक नाहीत.

सूत्रधार अर्थात भाची. खेळ सुरू करण्याआधी तिने टेबलाच्या मधोमध एक कोरं कार्ड ठेवलं आणि त्यावर पेनाने मोठी फुली मारली. गोष्टीत काही खटकलं तर कुणीही या कार्डावर बोट ठेवायचं, तेवढा भाग पुसून पुढे जायचं, आणि बोट का ठेवलं ते विचारायचं नाही. जॉन स्टाव्रोपोलस नावाच्या एका अमेरिकन खेळाडूने ही पद्धत रूढ केली म्हणे. मी हसलो. म्हटलं, म्हणजे आता खेळातही सेन्सॉर आला!

मी सरदार झालो होतो. आमची टोळी एका धर्मशाळेत पोचली. गावच्या नाटकात राजाची कामं केलेला माणूस मी, आवाज आपोआप चढला. सामान घेऊन येणाऱ्या नोकराला मी फर्मावलं, "ए, तू पायरीखालीच थांब. आत यायचं नाही."

शेजारच्या वाड्यावरून आलेला भाच्याचा एक मित्र खेळत होता. त्याने गुपचूप कार्डावर बोट ठेवलं.

कुणी काही विचारलं नाही. भाची म्हणाली, "बरं, थोडं मागं वचूंया. नोकर आत येऊन बसला आहे. त्याच्यापुढे गरम पेज ठेवली आहे." आणि फासा फिरू लागला. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. पण माझं लक्ष खेळात राहिलं नाही.

मी अकरावीत असताना आमच्या गावात उत्सवाचं नाटक व्हायचं. रंगमंच देवळाच्या प्राकारात, आणि काही वाड्यांवरची माणसं प्राकाराबाहेर उभी राहून नाटक बघायची. माझा एक वर्गमित्र त्यांतला. तालमी बाहेरून ऐकून ऐकून त्याला सगळ्यांचे संवाद पाठ. शाळेतून येताना आम्ही दोघं माळरानावर अख्खा अंक करायचो आणि राजा नेहमी तो व्हायचा, कारण त्याचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. उत्सवात मात्र राजा मी. एकदा त्याने मला विचारलं, "मला का घेत नाहीत रे?" मी म्हटलं, "विचारून बघ ना." त्याला का घेत नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी विचारायचं त्यानेच, असं मी सुचवलं. तो कधीच विचारायला गेला नाही. पुढे माळरानावरही येईनासा झाला.

"खेळात, गोष्टीत राजकारण आणू नका" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. परवापर्यंत मीही त्यांतलाच. पण या खेळाची नियमपुस्तकंच बघा. १९७८ च्या पुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा कमी ठेवली होती. १९८९ च्या आवृत्तीत ती गेली. २०१४ च्या पुस्तकातही अर्ध-ऑर्क जमातीचा कल चांगुलपणाकडे फारसा नसतो असं छापलेलं होतं. म्हणजे गुण जन्मावरून! हे आपल्याला कुणी वेगळं समजावायला नको. २०२४ च्या पुस्तकात ते काढलं. आता पात्राच्या गुणांना मिळणारी वाढ त्याच्या पूर्वायुष्यावरून ठरते, कुळावरून नाही. तेव्हा ओरड झाली की खेळात राजकारण घुसलं. अहो, ते पहिल्यापासून होतंच. फक्त ज्यांना टोचत नव्हतं त्यांना दिसत नव्हतं.

विज्ञानकथेच्या चाहत्यांचंही तेच. २ जुलै १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं पहिलं विश्वसंमेलन भरलं, तेव्हा आयोजकांनी सहा तरुणांना दारातूनच परत पाठवलं. फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वॉलहाइम त्यांत होते. ही डाव्या विचारांची पोरं गोंधळ घालतील अशी भीती. दार लावणाऱ्यांचं मात्र काही राजकारण नव्हतं!

पुढे सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाने आपली 'नोव्हा' कादंबरी जॉन कॅम्पबेल या मातब्बर संपादकाकडे पाठवली. कॅम्पबेलला ती आवडली, पण नायक काळा असलेला आपल्या वाचकांना चालणार नाही म्हणून १९६७ साली त्याने ती नाकारली. हे डिलेनीनेच १९९८ मध्ये लिहून ठेवलं आहे. वाचकांना कुणी विचारलं होतं? त्याच कॅम्पबेलच्या नावाचा पुरस्कार घेताना जेनेट इंग या लेखिकेने २०१९ मध्ये व्यासपीठावरून त्याचा पंचनामा केला आणि त्याच वर्षी पुरस्काराचं नाव बदललं. म्हणजे इथेही बोलायचं कुणी, तर बाहेर ठेवलेल्यांनीच.

आपल्याकडचं एक उदाहरण मला फार आवडतं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली पहिली मराठी विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. ज्याच्याकडे वजन आहे त्याने ते आपणहून उतरवून ठेवायचं, यापेक्षा पुरोगामीपणा वेगळा काय असतो? कथेला पहिलं बक्षीस मिळालं हे सांगायला नकोच.

काही जण म्हणतील, एवढं जपून वागायचं तर खेळात मजा ती काय? माझा अनुभव सांगतो. आम्ही अडीच तास खेळलो. दोन राक्षस मारले, एक पूल जाळला, माझा सरदार चिखलात पडला. कार्डाला बोट लागलं एकदाच. शिवाय पुस्तकातला शब्द बदलणं कंपनीला फार जड जात नाही, नवी आवृत्तीही खपते. अवघड आहे ते सोप्यावरचं. त्या कार्डाने मला एकच शिकवलं. आपल्याकडे ज्याला लागतं त्यालाच उभं करून विचारतात, "काय लागलं? मुद्दाम का केलं कुणी? पुरावा दे." त्याचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत बाकीचे निवांत बसून राहतात. इथे तो भार त्या मुलावर पडला नाही. विचार करायची पाळी माझ्यावर आली.

संध्याकाळी तो मुलगा निघाला तेव्हा त्याची माफी मागायला मी उठलो. भाचीने हात धरला. "मामा, आता त्याला 'कांय ना, कांय ना' म्हणपाक लावूं नाका."

पटलं. मी नुसतं विचारलं, "फुडल्या चवथीक येतलो मरे?"

चपला घालता घालता तो म्हणाला, "पळयतां."