घाऊक सूट कोणासाठीं?

शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था हल्लीं ऑनलाइन दुकानें मांडूं लागल्या आहेत, हें इष्टच आहे. परंतु तेथील घाऊक सुटीची रीत आम्हांस पटत नाहीं. समजा, पेंडीचें पोतें १,००० रुपयांस आहे व दहा पोतीं घेतल्यास सर्व मालावर शेंकडा २० सूट आहे. मग नऊ पोत्यांस ९,००० आणि दहांस ८,००० रुपये पडतात! सूट दहाव्या पोत्यापासून पुढेंच धरावी, म्हणजे हा विपर्यास टळेल. पण एका म्हशीच्या धन्यानें दहा पोतीं घ्यावीं तरी कशीं? सबब गांवांतील सभासदांची मागणी एकत्र धरून त्या बेरजेवर सूट द्यावी व ती पोत्यांच्या प्रमाणांत सर्वांस वांटावी. ऑनलाइन मागणींत गांवाचें नांव असतेंच. बेरीज करण्यास अडचण ती कसली?