बाहुलीला नजर हवी

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला किंवा मे महिन्यातल्या शिबिरात बाहुल्या करायच्या म्हटलं, की सामानाच्या यादीत हल्ली एक पाकीट ठरलेलं असतं. पारदर्शक टोपणात काळी टिकली खुळखुळणारे प्लॅस्टिकचे डोळे. मागचा कागद सोलला की चिकटले. मी बरीच वर्षं मुलांबरोबर हातमोज्याच्या बाहुल्या करते आहे आणि माझं म्हणणं आहे, की हे पाकीट यादीतून काढून टाकावं. बाकी काय हवं ते विकत आणा, डोळे मात्र मुलांना करू द्या.

त्या डोळ्यातली टिकली स्वतःच्या वजनाने तळाशी जाऊन बसते. म्हणजे बाहुली ताठ उभी असली तरी बघते जमिनीकडे. मान हलवली की एक बुबुळ इकडे, दुसरं तिकडे. पहिलं मिनिटभर मुलं खदखदून हसतात, मग गोष्ट सुरू होते आणि घोळ होतो. राजकन्या वाघाला घाबरली आहे की आईला शोधते आहे, हे ती कुठे बघते यावरूनच कळणार ना? हातमोज्याच्या बाहुलीचा चेहरा हलत नाही. तिच्याजवळ मान, दोन हात आणि नजर, एवढंच भांडवल. त्यातली नजरच काढून घेतली तर हाती काय राहिलं?

कागदाच्या लगद्याचं डोकं वाळलं, घासलं, त्यावर रंग चढला, तरी मी लगेच डोळे चिकटवू देत नाही. आधी कागदाच्या पांढऱ्या चकत्या टाचणीने टोचायच्या, त्यावर काळ्या कागदाची बुबुळं. मग एकाने बाहुली हातात घालायची आणि दुसऱ्याने वर्गाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. ‘बघतेय का माझ्याकडे?’ ‘नाही, भिंतीकडे बघतेय.’ बुबुळं अगदी मधोमध असली की बाहुली समोरच्याच्या आरपार बघते. दोन्ही बुबुळं नाकाकडे तांदळाच्या दाण्याएवढी सरकवा, शेवटच्या बाकावरून लगेच ओरडा येतो, ‘आता बघितलं!’ तिथेच पेन्सिलीने खूण करायची.

मग पापणी. माझ्या मते अर्धा स्वभाव तिथेच ठरतो. वरची पापणी सरळ खाली ओढली की बाहुली पेंगते, नाकाकडे उतरती केली की चिडते, बाहेरच्या बाजूला उतरती केली की तिला रडू फुटेल असं वाटतं. एका मुलाने आपल्या म्हाताऱ्या बाहुलीची एकच पापणी खाली घेतली होती. का, म्हटलं, तर म्हणाला, ‘आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.’ सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, आणि फक्त डोळ्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात. बाकीचा चेहरा मुद्दाम मंद ठेवायचा, म्हणजे उजेड डोळ्यांतच चमकतो.

ज्यांनी बाहुल्यांवर आयुष्य घातलं त्यांनी डोळ्यांना कधी वरकाम मानलं नाही. जिम हेन्सन यांनी 1955 मध्ये कर्मिट हा बाहुला केला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून, आणि डोळ्यांसाठी टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापला. जपानच्या बुनराकु या बाहुलीनाट्यात कितीतरी बाहुल्यांच्या डोक्यात डोळे आणि भुवया हलवणाऱ्या दोऱ्या असतात. राजस्थानी कठपुतळीचे डोळे लांबरुंद रंगवलेले असतात, लांबच्या प्रेक्षकालाही ते दिसतात. आपल्याकडे ‘झपाटलेला’ चित्रपटातल्या तात्या विंचू या बाहुल्याला पोरं घाबरली, ती त्या डोळ्यांमुळेही. आणि पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम कितीतरी जण करतात, पण डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच जाते. हे सगळं आजूबाजूला असताना मुलांच्या हातात खुळखुळणारी टिकली का द्यायची?

शिक्षकांची अडचण मला कळते. एका वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका आणि शेवटी पालकांना दाखवायला तयार वस्तू हवी. पाकिटाने वेळ वाचतो हे खरंच आहे. पण लगद्याचं डोकं वाळायला दोन-तीन दिवस जातातच, तेव्हा काम एका बैठकीत उरकत नाही. डोळ्यांना पुढच्या आठवड्यातली एक स्वतंत्र तासिका द्या. आणि बालवाडीतल्या मुलांच्या बाहुल्यांना तर चिकटवलेला डोळा नकोच. तो निघतो आणि थेट तोंडात जातो. तिथे काळ्या दोऱ्याने डोळे भरून घ्यावेत, ते काम बाईंनी किंवा एखाद्या आजीने करावं.

पाकिटाच्या जागी लिहायला यादी अशी: शर्टाची पांढरी बटणं, खेळून पिचलेले टेबल टेनिसचे चेंडू, काळा रंग, दोन नंबरचा ब्रश, टाचण्या, नेलपॉलिशची एक बाटली. बटणं आणि चेंडू तर मुलं घरूनच आणतील.