लखनौचा उन्हाळा आणि पुदिन्याचे फूल

लखनौचा मे महिना मोठा कडक. दुपारी पारा ४२-४३ अंश सेल्सिअसला टेकला, की पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या बाटलीतले पुदिन्याचे फूल पाघळू लागते. सकाळी सुईसारखे चमकणारे पांढरे स्फटिक दुपारी तेलासारखे पातळ! गिऱ्हाईक म्हणणार, माल भेसळीचा आहे. दुकानदार म्हणणार, हा गुण मालाचा नाही, हवेचा आहे. खरे कोणाचे मानायचे?

हा वाद साध्या थर्मामीटरने बराचसा सुटू शकतो. पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल. शुद्ध मेंथॉलचा द्रवणांक ४२ ते ४३ अंश असतो. तेव्हा भर दुपारी ते वितळले, तर दुकानदार खरा. पण सकाळच्या तीस-पस्तीस अंशांतच ते ओलसर होऊन चिकटू लागले, तर गिऱ्हाइकाची शंका रास्त समजावी.

या आकड्यावर लखनौच्या आसपासच्या अनेक कुटुंबांचे पोट अवलंबून आहे. जवळच्या बाराबंकी जिल्ह्यात मेंथॉल देणाऱ्या पुदिन्याचे मोठे पीक निघते. शेतकरी त्याला 'मेंथा' म्हणतात. बटाटा किंवा गहू निघाला, की लागवड करायची आणि पावसाळ्यापूर्वी कापणी उरकायची. मग पाला टाकीत भरून वाफेने तेल काढायचे. अवेळी पाऊस आला, तर हाती येणारे तेल घटते. लखनौतील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था, म्हणजेच 'सीमॅप', या पिकावर दीर्घकाळ काम करीत आली आहे. 'कोसी'सारखे तिचे वाण शेतकऱ्यांच्या शेतात रुजले आहेत. तेलात मेंथॉलचे प्रमाण साधारण ७० ते ८० टक्के असते. तेल थंड केले, की मेंथॉलचे स्फटिक तळाशी जमतात.

स्फटिक शुद्ध आहेत की नाहीत, हे ओळखण्याची एक रीत म्हणजे त्यांना ताप देऊन पाहणे. प्रयोगशाळेत त्यासाठी उष्णतामापक यंत्र असते. त्यात ॲल्युमिनियमच्या दोन इवल्याशा वाट्या. एकीत काही मिलिग्रॅम नमुना, दुसरी रिकामी. दोन्ही एकाच गतीने तापवतात. नमुना वितळू लागला, की त्याच्या वाटीला जास्त उष्णता पुरवावी लागते, कारण स्फटिकांची बांधणी मोडायला ती खर्च होते. हीच शाळेत शिकलेली अप्रकट उष्णता. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. मेंथॉलला त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास पुरतात. यंत्र हा जास्तीचा खर्च आलेखावर काढते. नमुना शुद्ध असेल, तर टोक अणकुचीदार येते. भेसळ असेल, तर ते पसरट होते आणि अलीकडे सरकते. अर्थात, केवळ एका आलेखावर निकाल देत नाहीत. तेलातले घटक वेगळे करूनही तपासतात.

भेसळीने द्रवणांक खाली का यावा? पंगत पाहा. सारी पाने सारख्या अंतरावर मांडली, की ओळ नीट बसते. मध्येच कोणी वेड्यावाकड्या आकाराचे ताट ठेवले, की ओळ विस्कटते. रेणूंचेही तसेच. परके रेणू शिरले, की रांग मोडायला कमी उष्णता पुरते.

बाजारात जो दोष, तोच घरात गुण ठरतो. आजीच्या कपाटातली अमृतधारा आठवा. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल या तिन्ही कोरड्या वस्तू. कापूर वितळायला सुमारे १७५ अंश लागतात, ओव्याच्या फुलाला ५०. पण तिन्ही एका बाटलीत घालून हलवल्या, की विस्तवाशिवाय पाणी होते! यात चमत्कार काही नाही. तिघे एकमेकांची रांग मोडतात, इतकेच.

आणखी एक गंमत. कपाळाला बाम लावला, की गार वाटते. पण हा गारवा थर्मामीटरला फारसा दिसत नाही. आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे एक प्रथिन असते. मेंथॉल ते उघडते आणि मेंदूला थंडीची वर्दी जाते. हे प्रथिन २००२ साली सापडले. ते शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना स्पर्श व तापमानाच्या संवेदनांवरील संशोधनाबद्दल २०२१ चे नोबेल मिळाले.

ही वर्दी मोठ्यांना सुखाची वाटते. तान्ह्या बाळाला मात्र ती घातक ठरू शकते. बाळाच्या नाकाला मेंथॉल लावले, तर त्याचा श्वास अडकू शकतो. कापूर पोटात गेला, तर लहान मुलांना झटके येतात. सर्दीने बेजार झालेल्या बाळासाठी आजीची बाटली काढण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे. आणि बाटलीचे बूच घट्ट लावून ती उंच फळीवर ठेवावी, शक्यतो पत्र्यापासून दूर.