चिडवणं ही मस्ती नव्हे

शाळेच्या दिवशी लेकराचं पोट दुखतं, रविवारी दुखत नाही? औषधाआधी विचारा, वर्गात कोण त्रास देतं. नुसती मारहाण म्हणजे छळ नव्हे. आडनाव ऐकून 'स्कॉलरशिपवाले' म्हणणं, डबा खाताना बाजूला बसवणं, मोबाईलच्या ग्रुपवर टिंगल करणं, हाही छळच. "दुर्लक्ष कर" म्हटलं की पोर आणखी एकटं पडतं. डॉक्टर झाल्यावरही हे सुटत नाही. २०१९ साली डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. सिनिअर जातीवरून छळत होत्या, अशी घरच्यांची तक्रार होती. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार संस्थाप्रमुखाने लेखी तक्रारीची चौकशी सात दिवसांत करायची असते. एकटे जाऊ नका. विहारातली चार माणसं सोबत न्या, अर्जाची पोच घ्या. जय भीम.